रथसप्तमी ते होळी: कुंडीतल्या झाडांचे साडेपाच आठवडे

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपण म्हणतो. पण पुण्यात गच्चीवर झाडं लावणाऱ्या कुणालाही विचारा, होळीपर्यंत थंडी टिकत नाही. रथसप्तमीला दूध उतू घालताना सकाळी स्वेटर अंगात असतो आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत दुपारी गच्चीच्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. माघ शुद्ध सप्तमी ते फाल्गुन पौर्णिमा, म्हणजे सुमारे अडतीस दिवस. कुंडीतल्या झाडांचा उन्हाळा कसा जाणार, हे बहुतेक या अडतीस दिवसांत ठरतं.

हल्ली बागकामाचे व्हिडिओ सगळेच पाहतात, मीही पाहते. इंग्लंड-अमेरिकेतल्या त्या व्हिडिओंत फेब्रुवारी-मार्च म्हणजे थंडीने झोपलेली बाग जागी व्हायचे दिवस. गुलाब पार खाली छाटा, माती उकरा, नव्या हंगामाला लागा, असं ते सांगतात आणि त्यांच्या हवेला ते बरोबरच आहे. आपल्या झाडांचं सुखाचं वर्ष मात्र मृगापासून सुरू होतं. फेब्रुवारीनंतर येतात ते वर्षातले सगळ्यात कठीण तीन महिने. म्हणून छाटणी, कुंडी बदलणं, खत ही कामं दोन्हीकडे तीच असली तरी आपण ती करतो वेगळ्या कारणासाठी. कारण समजलं की कुठल्या झाडाला कधी हात लावायचा आणि कुठल्याला लावायचा नाही, हे पाठ करावं लागत नाही.

हवेची तहान

झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं, त्यातलं ९७ टक्क्यांहून जास्त पाणी त्याच्या अंगी लागतच नाही. ते पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन उडून जातं. हे पाणी वाया जात नाही. त्याच ओढीने मुळांकडचं पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजं शेंड्यापर्यंत चढतात आणि पानं थंड राहतात. पण ही ओढ किती असावी हे झाडाच्या हाती नसतं, ते हवा ठरवते.

२० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम आणि ३६ अंशांना जवळजवळ ४२ ग्रॅम. आता समजा, हवेत प्रत्यक्षात ९ ग्रॅम वाफ आहे. जानेवारीतल्या २० अंशांच्या सकाळी त्या हवेत आणखी ८ ग्रॅमची जागा आहे. मार्चच्या अखेरीस दुपारी तीच हवा ३६ अंशांवर गेली, तर जागा होते ३३ ग्रॅमची. म्हणजे वाफ तेवढीच असूनही पानांकडून पाणी ओढण्याची हवेची ताकद चौपट झाली. झाड तेच, कुंडी तीच, माती तीच.

जमिनीतलं झाड अशा वेळी मुळं खोल धाडतं. कुंडीतल्या झाडाला खाली फरशी लागते. मग आपल्या हाती दोन गोष्टी उरतात: पाणी ओढणारी मुळं वाढवणं आणि पाणी उडवणारी पानं कमी करणं. कुंडी बदलणं आणि छाटणी म्हणजे नेमकं हेच. पण दोन्ही कामांत झाडाला जखम होते. ती भरून नवी मुळं धरायला तीन-चार आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात हवा फार तहानलेली असून चालत नाही. एकदा मी एप्रिलच्या मध्यावर, सुट्टी आहे म्हणून, सात वर्षांच्या जास्वंदीची कुंडी बदलली. मुळं छाटली, नवी माती भरली, भरपूर पाणी घातलं. माती ओली असताना ते झाड पाण्यावाचून वाळलं, कारण पाणी ओढणारी बारीक केसाळ मुळं मी कापून टाकली होती आणि वर पानं तेवढीच ठेवली होती. महिनाभर आधी केलं असतं तर ती जास्वंद आज असती.

कुंडी, मुळं आणि वाफसा

कोणत्या झाडाची कुंडी बदलायची हे झाडच दाखवतं. पाणी घातल्यावर ते मातीत न मुरता कडेने सरळ खाली येतं. तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावतात. सकाळी भरपूर पाणी घालूनही दुपारी पानं लोंबतात. असं झाड कुंडीतून काढून पाहिलं की माती जवळपास दिसतच नाही, मुळांचीच गुंडाळी झालेली असते.

आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे गड्डा अखंड निघतो. बाहेरची गोल फिरलेली मुळं धारदार सुरीने कापा, पण पाव भागाहून जास्त नको. जेवढी मुळं गेली, साधारण तेवढ्याच हिशेबाने वरच्या फांद्याही कमी करा. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन इंचांनीच मोठी घ्या. एकदम मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि सडायला लागते. लावून झाल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि एवढ्यात खत देऊ नका.

माती कशी हवी, याला आपल्या शेतकऱ्यांकडे एक नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी माती पायाला चिकटत नाही आणि तिची धूळही होत नाही. मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटाने टोचला तर फुटतो. ती अवस्था म्हणजे वाफसा. मातीच्या कणांमधल्या बारीक फटींत पाणी असतं आणि मोठ्या फटींत हवा. मुळांना दोन्ही लागतं, कारण मुळं श्वास घेतात. चिखलातल्या झाडाचीही पानं मलूल होतात, कारण प्राणवायूविना मुळं पाणी ओढू शकत नाहीत. आपण ते बघून आणखी पाणी घालतो, आणि झाड जातं. घरातली जास्तीत जास्त झाडं उन्हाने मरत नाहीत, अशी मरतात.

कुंडीत वाफसा राहावा म्हणून दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग धुतलेलं कोकोपीट हे मिश्रण मला वर्षानुवर्षं पुरलं आहे. कोकोपीट धुवायचं, कारण नारळाच्या सोडणात क्षार असतात. नुसत्या काळ्या मातीत लावू नका. ती ओली असताना फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात.

आता एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण ती जवळजवळ प्रत्येक जण उलटी करतो. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे यांचा थर घालतात. त्याने निचरा सुधारत नाही, बिघडतो. घरी करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा. आणखी पाणी गळायला लागेल. स्पंजाच्या तळाशी एक ओला पट्टा धरून राहिलेला असतो. स्पंज उभा केला की तो पट्टा लहान भागापुरता उरतो. कुंडीतल्या मातीचंही तसंच आहे. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि खालच्या मोठ्या फटींत ते तेव्हाच सोडते, जेव्हा ती स्वतः पूर्ण भिजून थबथबते. त्यामुळे खड्यांचा थर ओला पट्टा घालवत नाही, फक्त वर उचलून मुळांच्या जवळ नेतो. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी सगळी कुंडी मातीने भरा आणि जमेल तिथे उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी घ्या.

कात्री कुणाला लावायची

फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरत जातं आणि वाटेतल्या बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. सगळी साखरही शेंडाच ओढून घेतो. शेंडा कापला की दोन्ही गोष्टी बदलतात. खालच्या डोळ्यांकडे साखर वळते, ऑक्झिनचा धाक उतरतो आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन धुमारे येतात. ज्या झाडांना नव्या फुटीवर फुलं येतात, त्यांना छाटणीने फुलं का वाढतात, ते यावरून कळतं.

मोगरा हे त्यातलं पहिलं नाव. मोगऱ्याला कात्रीच्या आधी ताण द्यावा लागतो. जानेवारीच्या अखेरीस पाणी कमी करत न्यायचं. कुंडी असेल तर आठ-दहा दिवस, पानं जरा मलूल होईपर्यंत. पूर्ण कोरडी करून झाड मारायचं नाही. मग सुकलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुंध्यापासून काढायच्या, उरलेल्या अर्ध्यावर आणायच्या, जुनी पानं हाताने ओरबाडून टाकायची. वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करून मूठ-दोन मुठी शेणखत मिसळायचं आणि पोटभर पाणी द्यायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत लालसर कोवळी फूट दिसते आणि महिना-दीड महिन्यात तिच्या टोकाला कळ्या.

ताणाचं हे शास्त्र लिंबाच्या झाडात आणखी स्पष्ट दिसतं. लिंबूवर्गीय झाड वाढणं थांबवून विश्रांती घेतं, तेव्हा त्याच्या फांद्यांत अन्न साठतं आणि पुढच्या फुटीबरोबर फुलं येतात. पंजाबात ही विश्रांती कडक थंडीच देते. आपल्याकडची थंडी तेवढी नसते, म्हणून शेतकरी पाणी तोडून ती घडवून आणतात. पाणी कधी तोडलं त्यावरून मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार अशी नावं आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार. गच्चीवरच्या ड्रममधल्या लिंबाला वर्षभर नेमाने रोज पाणी मिळतं आणि ‘पानं छान आहेत पण लिंबं लागत नाहीत’ अशी तक्रार येते, त्याचं कारण बहुतेकदा हे असतं. त्याला कधी विश्रांतीच मिळालेली नसते. मात्र फुलं आल्यावर पुन्हा ताण पडू देऊ नका, नाहीतर कैऱ्यांसारखी बारीक हिरवी फळं गळून जातील.

जास्वंदीला नव्या फुटीवरच फूल येतं, तिची एक तृतीयांश उंची आत्ता कमी करा. बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, अर्धा सेंटीमीटर सोडून, तिरका काप घ्या. कढीपत्त्याचा शेंडा खुडा. शेवंतीची फुलं संपली असतील तर दांडे जमिनीपासून चार बोटांवर कापा. बुंध्याशी निघणारे फुटवे, म्हणजे काश्या, सोडवून वेगळ्या लावता येतात. अडेनियम इथे अपवाद आहे. त्याला ऊन मनापासून आवडतं, त्याची छाटणी मार्चमध्ये केली तरी ते खुशीत वाढतं.

आणि गुलाबाला कात्री लावू नका. त्याची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात होते. आत्ता पार खाली छाटला, तर येणारी कोवळी पालवी नेमकी मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते आणि कडेने करपते. सुकलेलं फूल दोन पानांसकट काढा, एवढंच. बाहेरच्या व्हिडिओंमुळे सगळ्यात जास्त नुकसान झालेलं मी पाहिलं आहे ते गुलाबांचं.

पांढऱ्या कापसाचे दोन प्रकार

ऊन वाढलं, हवा कोरडी झाली की जास्वंदीच्या शेंड्यांवर, पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसायला लागतो. हे पिठ्या ढेकूण. कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पितात आणि चिकट गोड पाणी टाकतात. त्या गोडासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हाकलतात आणि त्यांची पिल्लं नव्या झाडावर नेऊन सोडतात. म्हणून जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की ढेकूण शोधायला लागा, आणि उपाय मुंग्यांपासून सुरू करा. कुंडी पाण्याच्या थाळीत विटांवर ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

त्यांच्या अंगावर मेणाचा लेप असतो, त्यामुळे साधं औषध आत पोचत नाही. आधी जोराच्या धारेने धुवून काढा. उरलेल्यांवर एक लिटर पाण्यात पाच मिली द्रवरूप साबण आणि पाच मिली कडुनिंबाचं तेल घालून संध्याकाळी फवारा, आणि सकाळी स्वच्छ पाण्याने झाड धुवा. दर पाच-सहा दिवसांनी तीनदा तरी करावं लागतं, कारण कापसातल्या अंड्यांना एका फवारणीने काही होत नाही.

पण फवारण्याआधी नीट बघा. पिठ्या ढेकणांसारखाच पांढरा, झिपऱ्या झिपऱ्यांचा, पण आकाराने मोठा आणि भराभर चालणारा एखादा जीव त्यांच्यात दिसला, तर तो त्यांचा काळ आहे. क्रिप्टोलीमस नावाच्या छोट्या भुंगेऱ्याची ती अळी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा १८९८ साली भारतात आणला गेला. त्याच्या अळीने आपल्या भक्ष्याचंच रूप घेतलं आहे, आणि लोक तिलाच मोठा ढेकूण समजून चिरडतात.

याहून मोठी गोष्ट पपईवरच्या पिठ्या ढेकणाची. तो मेक्सिकोकडचा. २००८ मध्ये कोइमतूरच्या आसपास पपईवर दिसला आणि दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या पपई आणि जास्वंदींपर्यंत पसरला. त्याचे शत्रू इथे नव्हते, म्हणून औषधं मारूनही तो आवरेना. २०१० मध्ये शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी परजीवी गांधीलमाशी मागवली आणि ठिकठिकाणी सोडली. ती ढेकणाच्या पोटात अंडं घालते. बहुतेक भागांत तिने तो आटोक्यात आणला. आपण जास्वंदीवर जहाल कीटकनाशक मारतो, तेव्हा ढेकूण मेणाखाली वाचतात आणि ही माशी मात्र मरते. ढेकूण वाळून तपकिरी, पोकळ दिसत असतील आणि त्यावर बारीक गोल भोक असेल, तर ती येऊन गेली आहे. मग फवारा बाजूला ठेवा.

पाचोळा

याच दिवसांत रस्त्यांवर पानांचा सडा पडतो. पान गाळण्याआधी झाड त्यातला नायट्रोजन जवळपास निम्मा परत काढून घेतं, आणि मगच देठाशी पेशींचा पातळ थर तयार करून पान सोडतं. उरतो तो मुख्यतः कार्बन. म्हणून नुसता पाचोळा कुजायला वर्ष लागतं. खत नीट व्हायला एका भाग नायट्रोजनामागे पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो. सुक्या पानांत हे प्रमाण पन्नासच्या वर असतं, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पंधरा-वीस. दोन्ही एकत्र केलं की जमतं: तीन बादल्या चुरलेला पाचोळा, एक बादली भाज्यांची देठं-सालं, थोडं जुनं खत किंवा आंबट ताक, आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलावा. रेन ट्री, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंब्याची जाड पानं चुरूनच घाला.

राहिलेला पाचोळा कुंड्यांवर दोन इंच पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. उघड्या मातीतून उडणारं पाणी थांबतं आणि माती थंड राहते. मी उन्हाळ्यासाठी दोन पोती बांधून ठेवते. जिथे तो झाडून ढीग करून पेटवतात तिथे शांतपणे जाऊन पोतं पुढे करावं, कुणी नाही म्हणत नाही. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ पासून देशभर बंदी घातली आहे, तरी सकाळी सहाला धूर दिसतोच, आणि तो बघून मला खरंच वाईट वाटतं. ती आपल्या गच्चीवर येऊ शकणारी माती असते.

पेरणी आणि ऊन

मेथी, पालक आणि कोथिंबीर आता फुलावर येतील. कोथिंबिरीला बारीक शेपूसारखी पानं फुटली की तिचं खाण्याचं वय संपलं. उपटू नका, फुलू द्या, मधमाश्या येतात आणि धणेही मिळतात. रिकाम्या झालेल्या कुंड्यांत भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका लावा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून दीड-दोन सेंटीमीटर खोल टोबा, दीड महिन्यात फूल येतं.

पाणी मार्चपासून सकाळी लवकर द्या, आणि रोज ठरावीक तांब्या असा नेम ठेवू नका. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, किंवा कुंडी किंचित उचलून तिचं वजन ओळखायला शिका. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. तेव्हा थोडं पाणी घालून दहा मिनिटं थांबा आणि मग पुन्हा घाला. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या उन्हात इतक्या तापतात की कडेची मुळं भाजतात. त्यांना गोणपाट गुंडाळा, किंवा त्या मातीच्या कुंड्यांच्या मागे ठेवा. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, म्हणून ती माठासारखी थंड राहते, आणि म्हणूनच तिला पाणीही जास्त लागतं.

शेवटी ऊन कुठून येतं ते बघा. पुण्यात २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आत भिंतीपर्यंत येतं. २१ मार्चला तो ७१ अंशांच्या वर चढतो आणि ऊन मागे सरकत कठड्याशी जातं. मेच्या मध्यावर तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणजे हिवाळ्यात ज्या दक्षिणेच्या बाल्कनीत गुलाब फुलला, तिथे मेमध्ये त्याला ऊन पुरणार नाही, आणि वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या कोपऱ्यातल्या नेच्यावर अचानक ऊन येईल. ऊन फरशीवर कुठपर्यंत येतं, ते दर रविवारी दुपारी बारा-साडेबाराला खडूने आखून ठेवा. चार रेघांत उन्हाची चाल दिसते. मग मोगरा त्या रेघेच्या पलीकडे उन्हात सरकवायचा, नेचा अलीकडे सावलीत आणायचा, आणि गच्चीवर हिरवी जाळी बांधायची ती होळीच्या आधीच्या रविवारी, दोर अजून उन्हाने कडक व्हायच्या आत.